तात्पुरत्यांचा डबा

माझी आणि तात्पुरत्यांची पहिली भेट झाली तेव्हा माझा एक पाय पाताळात होता आणि दुसरा ब्रेकवर. आमच्या ऑफिसच्या इमारतीखाली गाड्या ठेवायचं तळघर आहे. त्यात नेणारा उतार ज्याने काढला त्याचं गाडीवाल्यांशी पिढीजात वैर असावं. तो उतार आधी गोल फिरतो, मग आणखी गोल फिरतो, मग माणसाला आपण मृत्युपत्र केलेलं नाही हे आठवतं, आणि मग फाटक येतं. त्या दिवशी फाटकाशी पोचतो न पोचतो तोच इमारत रडायला लागली. अख्खी इमारत, पायापासून गच्चीपर्यंत, तोंडात बोळा कोंबल्यासारखी हुंदके देत होती. मध्येच तिच्या पोटात गुरगुरलं. मग वर्षानुवर्षं न उघडलेलं लोखंडी दार कोणीतरी सावकाश उघडावं तसा एक सूर लांबत लांबत आला आणि माझ्या गाडीच्या टपावर येऊन बसला. मी इंजिन बंद केलं, डोक्यावर दोन्ही हात धरले आणि स्टिअरिंगखाली जमेल तेवढा शिरलो. पोटामुळे फारसं जमलं नाही. मागे रांग लागली आणि रांगेने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

"काका, पुढे घ्या ना," शेजारच्या केबिनच्या खिडकीतून हात लांब करून एक किडकिडीत माणूस म्हणाला. "आणि मागच्यांना हॉर्न वाजवू नका म्हणावं. माइक चालू आहे."

"हे काय कोसळतंय?" मी विचारलं.

"कोसळत काही नाही. पंख्याचा आवाज आहे, वरचा मोठा पंखा. उलटा आणि हळू लावलाय. तळघर छान घुमतं ना, तो घुमारा पकडतोय."

माझ्याहून जेमतेम आठदहा वर्षांनी लहान असलेल्या माणसाने मला काका म्हणावं, हा त्या दिवशीचा खरा भूकंप.

केबिन म्हणजे कपाटाला खिडकी पाडली तर जे होईल ते. आत एक खुर्ची, खुर्चीत तात्पुरते, आणि उरलेल्या जागेत हवा, तीही उभ्याने. फाटकाचं बटण भिंतीत, हाताच्या टप्प्यात. पूर्वी त्याला रिमोट होता म्हणतात. तो दुरुस्तीला गेला आणि तिथेच रमला. त्यामुळे केबिनमध्ये बसणाऱ्याला बटणापासून हातभर लांब जायची सोय नव्हती. दुपारी वरच्या दारावरचा म्हातारा रखवालदार थोडा वेळ बदली बसायला यायचा, तेवढ्यात तात्पुरते जेवण, पाय मोकळे करणं आणि निसर्गाची हाक, अशी तिन्ही कामं उरकून घेत. तहान लागण्यावरही त्यांनी ताबा मिळवला होता.

'तात्पुरते' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. त्या पार्किंगचं कंत्राट त्यांच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादांकडे होतं. दादा गोरेगोमटे, भरदार, आणि मनाने अगदी प्रेमळ. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते केबिनकडे बोट दाखवून सांगत, "आमचा धाकटा. तात्पुरता बसलाय. माणूस मिळाला की सुटला." हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा फाटकावरचे लाल पट्टे लाल होते. मी पाहिले तेव्हा ते फिकट गुलाबी झाले होते. मधल्या काळात लोकांनी त्या शब्दाचं आडनाव करून टाकलं आणि तात्पुरत्यांनी ते मुकाट्याने लावून घेतलं.

त्याआधी ते एका रेकॉर्डिंग स्टुडिओत हाताखाली होते. तो बंद पडला आणि त्या जागी गाद्यांचं दुकान झालं. "गाद्यांनी आवाज काय सुरेख दबतो तिथे," ते हळहळून सांगत. "आणि विकतात गाद्या." राहायला दादांच्याच घरी, काच लावून बंद केलेल्या बाल्कनीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी. म्हणजे दिवसा काचेच्या केबिनमध्ये आणि रात्री काचेच्या बाल्कनीत.

"भावोजी, तुमचं काय मत्स्यालय झालंय हो," वहिनी म्हणायच्या. "वरून दाणे टाकायचे तेवढे राहिलेत."

"तुमचं यंत्र रात्री कपडे पिळतं तेव्हा ते षड्जात बोलतं, वहिनी."

"बोलू दे. तुमच्याशी कोणीतरी बोलतंय हेच खूप."

तर अशा या दुपदरी काचेतल्या माणसाने संगीत सुरू केलं होतं, आणि ते एका जेवणाच्या डब्यात.

डबा स्टीलचा, दोन बाजूंना वायरींसाठी भोकं पाडलेली. मी पहिल्यांदा झाकण उघडून पाहिलं तेव्हा आत भाजीऐवजी एक हिरवी पट्टी होती, पत्त्यांच्या कॅटएवढी. त्या एवढ्याशा पट्टीवर अख्खा कॉम्प्युटर. मोबाइलमध्ये असते त्या जातीची एआरएम चिप, मेमरी कार्डावर लिनक्स, बाजूला खेळण्यासारखं साउंड कार्ड, आणि मांडीवर ठेवायला दोन सप्तकांचा छोटा कीबोर्ड, ज्याच्या बटणांवर ते तळघर वाजवत. तळघरच. गुळगुळीत फरशीवर टायर करकरतात तो आवाज, पाइपातून वरच्या मजल्यांचं पाणी उतरतं तो, फाटक वर जाताना कण्हतं तो, असे सगळे आवाज त्यांनी धरून आणून त्या पट्टीत कोंडले होते आणि बोट ठेवलं की एकेक सोडत.

"एवढं करता तर सरळ लॅपटॉप घ्या ना," मी म्हणालो.

तात्पुरत्यांनी माझ्याकडे, डॉक्टरला औषध सुचवणाऱ्या माणसाकडे डॉक्टर पाहतो तसं पाहिलं आणि नजर छताकडे नेली. तिथे कॅमेरा होता. "दादा घरून फोनवर बघतो. लॅपटॉप दिसला की म्हणेल, सिनेमा बघतोस. डबा दिसला की म्हणतो, बिचारा जेवला नाही अजून. आणि लॅपटॉपला पंखा असतो, काका. तो माइकमध्ये येतो. याला पंखा नाही. होता एक नखाएवढा, मी काढून टाकला. हे असं गप्प बसतं." गप्प बसण्याचा गुण त्यांना फार मोठा वाटे.

त्यांचा खरा शत्रू दादा नव्हता, फाटकही नव्हतं. खरा शत्रू होता 'कट्'. वाजवता वाजवता मध्येच आवाज तुटे आणि कट् असा खडा लागे. तो का लागतो हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलं की आता मी तुम्हालाही समजावू शकतो.

"आवाज काही सलग धारेने येत नाही. तांब्या तांब्याने येतो," ते सांगत. "आत एक जण तांबे भरतो, बाहेर एक जण ओततो. मोठा तांब्या घेतला तर भरायला वेळ लागतो. म्हणजे मी आत्ता बोट ठेवलं की आवाज नंतर, सावकाश. वरातीमागून घोडं. लहान तांब्या घेतला तर आवाज बोटाबरोबर. पण भरणाऱ्याचा हात जरा कुठे दुसऱ्या कामाला गेला, की ओतणाऱ्याच्या हातात रिकामा तांब्या. रिकामा तांब्या म्हणजे कट्."

"मग भरणाऱ्याला दुसरी कामं देऊ नका."

"तेच तर करत आलोय इतकी वर्षं."

आणि खरंच, एखाद्या सासूने सुनेला माहेरचं एकेक माणूस तोडायला लावावं, तसं त्यांनी त्या गरीब पट्टीचं सगळं जग तोडलं होतं. स्क्रीन काढला. वायफाय काढलं. ब्लूटूथ काढलं. वेळ विचारायला ती मधूनच बाहेर डोकावायची, तर तिचं घड्याळ बंद केलं. आवाजाचं काम आलं की बाकी सगळं टाकून आधी ते घेणारा खास कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यांनी तिच्यावर तिच्याकडूनच बनवून घेतला. बिचारी स्वतःचा मेंदू स्वतःच घडवत दिवसभर तापत बसली होती. फाटक उचललं की विजेचा दाब जरासा पडे आणि कट् येई, म्हणून मध्ये मोबाइलची बॅटरी बसवली. शेवटी तांब्या अगदी लहान, ठसकाही मावणार नाही एवढा, आणि तरी तासन् तास एक खडा नाही. ज्या दिवशी ते साधलं त्या दिवशी तात्पुरत्यांनी मला विनापावती गाडी बाहेर काढू दिली. दुसऱ्या दिवशी पावती मागून घेतली.

"झालं ना आता मनासारखं?" मी विचारलं. "मग आता हे कोणाला ऐकवणार?"

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "तुम्ही ऐकता की," म्हणाले. मग गाडी आली आणि त्यांनी बटण दाबलं.

ऐकणारं आणखी एक माणूस निघालं. नाटकाच्या एका बाई आपली व्हॅन तिथे ठेवत. त्यांचं नाटक प्रायोगिक होतं. तीन माणसं एका खोलीत अडकलेली असतात, आणि दुसऱ्या अंकात प्रेक्षकही. एक दिवस बाई व्हॅन काढायला आल्या आणि फाटकाशीच थांबल्या. मागच्या रांगेने हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, हात जोडले. बाई हलल्या नाहीत. तात्पुरत्यांचा तुकडा संपल्यावर त्यांनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "हे नटांबरोबर रंगमंचावर वाजवाल? समोर, प्रत्यक्ष?"

"वाजवेन की. बोटाबरोबर आवाज येतो माझा," तात्पुरते म्हणाले. दुसरा कोणी असता तर आधी पैसे विचारले असते.

ठरलं असं, की पहिला प्रयोग गावातल्याच छोट्या नाट्यगृहात. तो जमला तर नाटक दौऱ्यावर निघणार, महिनोन् महिने, गावोगाव, आणि तात्पुरते त्या व्हॅनमध्ये. केबिनमधून, बाल्कनीतून, आणि त्या आडनावातूनही सुटका. ते मला हे सांगत होते तेव्हा त्यांचं बोट बटणावर होतं आणि फाटक उगाचच वर-खाली होत होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना एवढा वायफळपणा करताना पाहिलं नव्हतं.

दादांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी बरोबर गेलो, कारण माझं वजन पडेल असं तात्पुरत्यांना वाटलं. मीही वाटू दिलं. दादांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अरे मग जा की. मी काय तुला बांधून ठेवलंय? उद्या माणूस बघतो."

"उद्या?" तात्पुरते म्हणाले.

"उद्या. माणसं काय, ढिगाने मिळतात."

वहिनी आतून म्हणाल्या, "मग इतकी वर्षं काय ढीग हरवला होता का?"

दादा पुन्हा चष्मा पुसायला लागले. तात्पुरत्यांचा चेहरा असा झाला, की रात्रभर दाराला खांदा लावून ढकलत बसावं आणि सकाळी कळावं की दार आत ओढायचं होतं.

आता बाईंची कल्पना ऐका. बाईंना ती केबिन इतकी आवडली, की त्यांनी रंगमंचावर डाव्या बाजूला तशीच केबिन उभी केली. तशीच काच, तशीच खुर्ची. त्यात बसून तात्पुरत्यांनी वाजवायचं. पहिल्या प्रयोगाला आम्ही सगळे पुढच्या रांगेत. पडदा वर गेला आणि दादा माझ्या कानाला लागले, "हे बघितलंत? इथे पण केबिनच. मग आमची काय वाईट होती?"

पहिला अंक अप्रतिम झाला. नटाने खुर्ची सरकवली की तळघरातला टायर करकरे, दाराकडे कोणी पाहिलं की फाटक कण्हे, आणि सगळं अगदी बोटाबरोबर. अंगावर काटा आला. वहिनींनी दादांचा हात धरला. लग्नानंतर त्यांनी तो बहुधा पहिल्यांदाच धरला असावा, कारण दादांनी आधी खिसा चाचपला.

दुसऱ्या अंकात बाईंनी केबिनवर मोठे दिवे टाकले. पांढरे, प्रखर, वरून दोन आणि बाजूने दोन. आणि थोड्या वेळाने आवाज आला, कट्.

मला लगेच कळलं. तात्पुरत्यांना त्याआधी कळलं होतं. त्यांनी त्या पट्टीची सगळी नाती तोडली, पण ती सगळी तळघरात बसून, जिथे भर उन्हाळ्यात शाल लागते. नखाएवढा पंखा त्यांनी काढून टाकला होता, वर स्टीलचं झाकण. आता काचेच्या केबिनमध्ये, दिव्यांखाली, तो डबा भट्टी झाला होता. असली चिप तापली की स्वतःला वाचवायला आपली चाल मंद करते. चाल मंदावली की तांबे रिकामे. कट्. कट् कट्. तात्पुरत्यांनी झाकण काढलं. फुंकर घातली. शर्टाचं टोक धरून वारा घातला. तांब्या मोठा करावा तर आवाज नटांच्या मागे पडणार, आणि स्क्रीन तर त्यांनीच काढून टाकलेला, करणार कशावर? कपाळावरचा घाम पट्टीवर पडू नये म्हणून ते मान मागे टाकून वाजवत होते. आत काचेवर वाफ धरली. एक वेळ अशी आली की त्यांनी दाराकडे हात नेला. पण ते आत बसल्यावर बाईंनी सेटच्या केबिनचं दार बाहेरून खिळवलेलं होतं, दिसायला स्वच्छ दिसावं म्हणून. कट् कट् कट् कट्. आणि अंधार.

मग टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं. लोक उभे राहिले. शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "काय गुदमरलो हो मी. तो तुटणारा आवाज, आणि तो काचेतला माणूस. काय काम केलंय."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने 'तुटत्या ध्वनीची विलक्षण योजना' असं लिहिलं. बाई ते कात्रण घेऊन तळघरात आल्या. मी तिथेच होतो.

"ते कट् कट्. तेच आपलं नाटक आहे," बाई म्हणाल्या. "दौऱ्यात प्रत्येक प्रयोगाला हवं."

"ती चूक होती, बाई," तात्पुरते म्हणाले. "सोपं आहे तसं. झाकण काढतो, वर ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवतो, दिवे जरा लांब. एक खडा लागणार नाही."

"अहो, पण खडाच हवाय."

"तापवून ठेवायचं का मशीन रोज?"

"तापवू नका. आवाज रेकॉर्ड करून ठेवा, आणि वेळ आली की एक बटण दाबा. तुम्हाला तर सवय आहे बटणाची."

त्या हे प्रेमानेच म्हणाल्या. तात्पुरत्यांनी विचार करतो म्हणून सांगितलं. पण त्यांची ताठ मान पाहूनच मी घाबरलो. बाई गेल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं.

"अहो, शहाणे की कोण तुम्ही? गाडी दारात उभी आहे. दादा माणूस शोधून बसलेत. एक खोटा कट् वाजवायचा आणि जग बघायचं. काय जातंय तुमचं?"

"काका, इतकी वर्षं मी तांब्याचं भोक बुजवत बसलो. आता लोक तिकीट काढून ते भोकच बघायला येणार?"

"येऊ दे ना. त्यांचं तिकीट."

"आणि दुसऱ्या कोणी, ज्याला यातलं कळतं, असा एखादा जरी मागच्या रांगेत बसला असेल, तर तो काय म्हणेल? म्हणेल, याला बफर, म्हणजे आपला तांब्या, लावता येत नाही."

"असा माणूस सगळ्या दौऱ्यात एक येईल."

"तोच तर मला भेटायला हवा होता," तात्पुरते म्हणाले.

वहिनींनीही बोलून पाहिलं. "भावोजी, जा हो. मी बाल्कनीत कपडे तरी पसरीन," असं त्या हसत म्हणाल्या आणि मग न हसता म्हणाल्या, "जा." दादांनी शोधलेला माणूस तर तीन दिवस रोज येऊन केबिनबाहेर उभा राहिला. पिशवीत पाण्याची बाटली, चेहऱ्यावर उत्सुकता. तात्पुरत्यांनी त्याला बटण दाखवलं, पंखा दाखवला, कोणता गाडीवाला पावती हरवतो ते सांगितलं. सगळं सांगितलं, पण खुर्चीवरून उठले नाहीत. चौथ्या दिवशी तो माणूस दुसरीकडे लागला.

व्हॅन निघाली त्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो होतो. बाईंबरोबर लॅपटॉपवाला एक तरुण होता. व्हॅन फाटकाशी आली. बाईंनी काच खाली केली, तात्पुरत्यांकडे पाहिलं आणि थांबल्या. मागे रांग नव्हती. हॉर्न वाजवायला कोणी नव्हतं. थांबायला हवा तेवढा वेळ होता. तात्पुरत्यांच्या मांडीवर डबा होता. त्यांनी तो खाली ठेवला, अर्धवट उठले, आणि उठल्या उठल्या सवयीने त्यांचा हात बटणावर पडला. फाटक वर गेलं. फाटक वर गेल्यावर गाडीने जायचं असतं. बाई गेल्या.

नंतर तात्पुरत्यांनी त्या नाटकाची एक चित्रफीत पाहिली. लॅपटॉपवाल्याने कट् कुठूनतरी इंटरनेटवरून आणला होता. "दुसऱ्याच मशीनचा आहे," ते मला म्हणाले. "आपला असा बोलत नाही. आपला कोरडा होता." आणि त्यांनी डब्याला ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवला, जिथे त्याची काहीच गरज नव्हती.

पुढच्या वर्षी दादांचं कंत्राट गेलं. नव्या कंत्राटदाराने फाटक, खुर्ची आणि तात्पुरते, तिन्ही आहे तिथेच ठेवून घेतले.